कायद्याच्या नावाशेजारी त्याचा क्रमांकही छापा : विधि व न्याय विभागाला खुले पत्र

प्रति,
सचिव (विधि विधान), विधि व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि महाराष्ट्र विधानमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : राज्यातील अधिनियमांची संक्षिप्त नावे, वर्षे आणि क्रमांक यांचा एकच अधिकृत तक्ता प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय / महोदया,

संसदेत विधेयकाची बाकीची कलमे मंजूर झाली की कलम १, अधिनियमन सूत्र (कायदा कोण करते ते सांगणारे वाक्य) आणि विस्तृत नाव (कायद्याचा हेतू सांगणारा लांब मथळा) शेवटी एकदमच मताला टाकतात. कलम १ वर कोणी भांडत नाही. त्यात हक्क नसतो, शिक्षा नसते, करही नसतो. 'या अधिनियमास अमुक अधिनियम, अमुक वर्ष, असे म्हणावे', कुठे लागू आणि कधीपासून, एवढाच मजकूर. पण कायदा अंमलात आला की सर्वांत जास्त वेळा लिहिले जाते ते हेच नाव, म्हणजे संक्षिप्त नाव. फिर्यादीच्या रकान्यात, दाव्याच्या मथळ्यात, फेरफारात, दस्ताच्या मजकुरात, शासन निर्णयाच्या 'वाचा' खाली, सगळीकडे.

आम्ही दावे व दस्त लिहिणारे, महसुली संदर्भ तपासणारे आणि कायद्याची ग्रंथालये सांभाळणारे काही जण आहोत. आमची मुख्य मागणी आधीच सांगतो : जिथे जिथे राज्याच्या अधिनियमाचे नाव येते, तिथे कंसात त्याचा क्रमांक व वर्ष यावे आणि नाव–क्रमांक जुळवून देणारा, तारखांसकट असलेला तक्ता विभागाने स्वतः प्रसिद्ध करावा. पुढचे सगळे याच मागणीच्या पोटातले आहे.

एके काळी कायद्यांना नावेच नव्हती. १८५० चा एकविसावा कायदा, १८५६ चा पंधरावा कायदा असेच म्हणत. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून कोणाचा वारसाहक्क जाऊ नये, हे सांगणारा कायदा म्हणजे १८५० चा २१. त्याला 'जाती निःसमर्थता निवारण अधिनियम' हे अर्थ सांगणारे नाव मिळाले १८९७ मध्ये, त्या वर्षीच्या चौदाव्या कायद्याने, म्हणजे भारतीय संक्षिप्त नावे अधिनियमाने. तोवर ४७ वर्षे तो नुसत्या आकड्यावर चालला आणि कोणाची गैरसोय झाल्याचे दिसत नाही. मुंबई प्रांताने आपल्या कायद्यांसाठी असाच कायदा १९२१ मध्ये केला. १८९७ चाच दुसरा कायदा, सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), कलम २८ मध्ये दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो : अधिनियमाचा निर्देश नावाने करा, नाहीतर क्रमांक व वर्षाने करा. म्हणजे क्रमांकाने उल्लेख करणे ही वकिली हौस नाही, कायद्यानेच दिलेली सोय आहे.

नावाकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही एका जुन्या निकालात नीट सांगितले आहे. १९१२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड मोल्टन यांनी संक्षिप्त नावाला कायद्याने ठेवलेले टोपणनावच म्हटले. कायदा ओळखता यावा एवढेच त्याचे काम, कायद्यात काय आहे याचे वर्णन करणे हे नव्हे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. ओळख पटत नाही आणि वर्णन संपत नाही.

आता मुख्य घोळाकडे येऊ. महाराष्ट्र संक्षिप्त नावे (सुधारणा) अधिनियम, २०११ ने जुन्या राज्यव्यापी कायद्यांच्या नावांतला 'मुंबई' शब्द काढून 'महाराष्ट्र' घातला. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला. दारूबंदी, मुद्रांक, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था, ग्रामपंचायत, कुळवहिवाट हे सगळे 'महाराष्ट्र' झाले. हेतू रास्त होता. गडचिरोलीतल्या ग्रामपंचायतीला 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम' का लागू, हा प्रश्न कोणालाही पडेल. पण नावे बदलताना तीन गोष्टी घडल्या आणि त्या सामान्य माणसाला कोणी समजावून सांगितल्या नाहीत.

पहिली गोष्ट, नाव बदलले पण क्रमांक बदलला नाही आणि क्रमांकापुढचे 'मुंबई'ही बदलले नाही. आज बरोबर उल्लेख असा : महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ (१९४८ चा मुंबई अधिनियम ६७). नावात महाराष्ट्र आणि कंसात मुंबई पाहून टंकणाऱ्याला वाटते, कंसातली दुरुस्ती राहून गेली. तो इमानदारीने 'सन १९४८ चा महाराष्ट्र अधिनियम ६७' असे करतो. असा कायदाच नाही. १९४८ साली महाराष्ट्र राज्य नव्हते, त्याचे विधानमंडळ नव्हते, त्याचे क्रमांकही नव्हते. पुढचा माणूस तो आकडा तसाच उचलतो आणि अस्तित्वात नसलेला संदर्भ एका कागदावरून दुसऱ्या कागदावर फिरत राहतो.

दुसरी गोष्ट, हा बदल १ मे १९६० पासून झाल्याचे मानले आहे. म्हणून १९७५ च्या आदेशात 'मुंबई कुळवहिवाट' असे असेल तर तो आदेश चुकीचा ठरत नाही आणि त्यात खाडाखोड करायचीही गरज नाही. ते नाव आता 'महाराष्ट्र' असे वाचायचे, इतकेच. पण कृषक दिन (कुळे कसत असलेल्या जमिनीचे मालक मानली गेली तो दिवस) १ एप्रिल १९५७ चा आहे, म्हणजे १ मे १९६० च्या अलीकडचा नव्हे, पलीकडचा. त्या तारखेला कुळाला मिळालेल्या हक्काबद्दल लिहिताना, मानीव तारीख धरली तरीही, कायद्याचे त्या दिवशीचे नाव 'मुंबई'च होते. हे कीस काढणे वाटेल. पण कलम ३२-ग च्या (कुळाने द्यायची खरेदी किंमत ठरवण्याच्या) प्रकरणात १९५७, १९७५ आणि २०२० चे कागद एकाच फाइलीत असतात आणि तीन कागदांवर दोन नावे दिसली की समोरचा पक्ष हे दोन वेगळे कायदे असल्यासारखा युक्तिवाद करायला मोकळा होतो.

तिसरी गोष्ट गुजरातची. गुजरातनेही २०११ मध्येच आपला संक्षिप्त नावे (सुधारणा) अधिनियम केला आणि 'मुंबई'च्या जागी 'गुजरात' घातला. त्यामुळे १९४८ चा मुंबई ६७ हा एकच कायदा आज सीमेच्या अलीकडे 'महाराष्ट्र' आणि पलीकडे 'गुजरात' नावाने ओळखला जातो. दोन्ही राज्यांनी पुढे आपापल्या सुधारणा केल्यामुळे मजकूर आता सारखा उरलेला नाही, पण १९६० पूर्वीचे आणि नंतरचे कितीतरी निकाल दोन्हीकडे उपयोगी पडतात. ते शोधायचे तर नावाने शोधून निम्मेच हाती लागतात. धागा उरतो तो ६७ या आकड्याचा.

यात आणखी एक पीळ आहे : 'मुंबई' हे शहराचेही नाव आणि जुन्या प्रांताचेही. म्हणून सगळीकडे सरसकट बदल चालत नाही. १८८८ चा मुंबई अधिनियम ३ पाहा. जन्माच्या वेळी त्याच्या इंग्रजी नावात 'सिटी ऑफ बॉम्बे' होते, पुढे 'बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन' आले, आता 'मुंबई महानगरपालिका अधिनियम' आहे. त्याचे 'महाराष्ट्र' झाले नाही, कारण तो शहराचाच कायदा. शेजारच्या ठाण्याला लागू असलेला १९४९ चा मुंबई ५९ मात्र 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम' होता, तो 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम' झाला, 'प्रांतिक'ही गेले. संगणकावर शोधा-आणि-बदला करून जुने नमुने अद्ययावत करणाऱ्यांनी हे दोन कायदे तरी डोळ्यांनी तपासावेत.

आता वर्षाचा घोळ. संक्षिप्त नावातले वर्ष आणि क्रमांकातले वर्ष एकच असते, असा बहुतेकांचा समज असतो. महाराष्ट्रात ते किती ठिकाणी वेगळे आहे पाहा. ग्रामपंचायत अधिनियम नावात १९५८, क्रमांक १९५९ चा मुंबई ३. सहकारी संस्था अधिनियम नावात १९६०, क्रमांक १९६१ चा महाराष्ट्र २४. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१, क्रमांक १९६२ चा ५. राजभाषा अधिनियम १९६४, क्रमांक १९६५ चा ५. रोजगार हमी अधिनियम १९७७, क्रमांक १९७८ चा २०. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, क्रमांक २००० चा १८. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा अधिनियम २००५, क्रमांक २००६ चा २१. आणि नावांचीच दुरुस्ती करणारा जो कायदा वर सांगितला, त्याच्या नावात २०११ आहे आणि क्रमांक २०१२ चा २४ आहे!

कारण सरळ आहे. नावातले वर्ष विधेयकाच्या मसुद्याबरोबर येते. क्रमांक मिळतो संमतीनंतर, अधिनियम राजपत्रात येताना. हिवाळी अधिवेशनात मंजूर झालेल्या विधेयकाला राज्यपालांची संमती जानेवारीत मिळाली की वर्ष उलटते. राष्ट्रपतींकडे पाठवावे लागले तर आणखी वेळ जातो. केंद्रातही असे होते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चा क्रमांक १९७४ चा २ होता. काळा पैसा पांढरा करण्याला प्रतिबंध करणारा २००२ चा अधिनियम हा २००३ चा १५ आहे. फरक एवढाच की विधेयक सभागृहातच पुढच्या वर्षात गेले तर संसदेत मंत्री वर्ष बदलण्याची औपचारिक दुरुस्ती मांडतात. संमतीला लागणाऱ्या वेळेपुढे मात्र तिथेही इलाज नाही.

हे वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. दोन वर्षे वेगळी असू शकतात, हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, हे वाईट आहे. तो नावातले १९५८ घेतो, कुठून तरी मिळालेला 'क्र. ३' घेतो आणि 'सन १९५८ चा मुंबई अधिनियम ३' असे लिहून मोकळा होतो. तो निराळाच कायदा असतो. ज्याच्याकडे ग्रंथालय आहे तो पाच मिनिटांत चूक पकडतो. तहसिलीत अर्ज घेऊन उभा असलेला माणूस पकडू शकत नाही.

जुन्या क्रमांकांत रोमन अंकांचा त्रास वेगळा. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा क्रमांक ५७ आणि १९४८ चा कुळवहिवाट कायदा क्रमांक ६७. रोमन लिपीत या दोघांत फक्त एका 'एक्स'चा फरक. फोटोकॉपीत तो 'एक्स' पुसट झाला की कुळाच्या दाव्यात घरभाड्याचा कायदा येऊन बसतो. म्हणून क्रमांक देवनागरी आकड्यांतच छापावेत. मराठी राजपत्रात ते तसेच असतात; नंतरच्या नकलांत इंग्रजीतून उचलल्याने रोमन अंक शिरतात.

क्रमांक मुळात गळतो कुठे, तेही सांगतो. राजपत्रात अधिनियमाचा मजकूर छापताना दुसऱ्या कायद्याचा उल्लेख आला की त्या ओळीच्या बाजूला समासात बारीक अक्षरांत '१९६६ चा महा. ४१.' असे येते. मजकुरात फक्त नाव, क्रमांक समासात. मसुदाकारांच्या दृष्टीने ही पद्धत शिस्तीची आहे, वाक्य मोकळे राहते. पण हा मजकूर शासन निर्णयात, परिपत्रकात किंवा याचिकेत उचलला की समास मागे राहतो. पीडीएफमधून नक्कल केली तर आणखी गंमत : समासातला आकडा वाक्याच्या मधेच येऊन पडतो आणि उचलणारा तो कचरा समजून पुसून टाकतो. समासाची पद्धत ठेवायचीच असेल तर ठेवा, पण अधिनियमात दुसऱ्या कायद्याचा पहिला उल्लेख येतो तिथे तरी क्रमांक कंसात, ओळीतच घ्यावा. त्याने वाक्य चार शब्दांनी वाढेल. चालेल.

नाव बदलणे आणि कायदा बदलणे यांतला फरकही तक्त्यात ठळक दिसला पाहिजे. पोलीस अधिनियमाचे फक्त नाव बदलले : कलमे तीच, क्रमांक तोच, जुने निकाल जसेच्या तसे लागू. भाडे नियंत्रणात मात्र १९४७ चा कायदा निरसित (रद्द) होऊन ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला. मालकाने ताबा मागण्याची कारणे जुन्यात कलम १३ मध्ये होती, नव्यात कलम १६ मध्ये आहेत. दुकाने व आस्थापनांचा १९४८ चा कायदा गेला आणि २०१७ चा आला. सावकारीचा १९४६ चा गेला, २०१४ चा आला. पहिल्या प्रकारात 'मुंबई' खोडून 'महाराष्ट्र' लिहिले की काम भागते. दुसऱ्या प्रकारात तसे केले तर कायदाही चुकतो आणि कलमही. वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसते : मुंबई होते, महाराष्ट्र झाले.

न्यायालये याबाबत उदार आहेत, हे खरे. अधिकार मुळात असेल तर चुकीच्या कलमाच्या उल्लेखाने आदेश रद्द होत नाही, हे तत्त्व रुळलेले आहे. पण ते तत्त्व ऐकून घ्यायला न्यायालयापर्यंत जावे लागते. ऑनलाइन अर्जाच्या खिडकीला हे तत्त्व ठाऊक नसते. ई-कोर्ट्सवर (न्यायालयीन प्रकरणांच्या संकेतस्थळावर) प्रकरण अधिनियमावरूनही शोधता येते. तिथे एकाच कायद्याची नोंद दोन नावांनी झाली की शोध दोन तुकड्यांत विभागला जातो. इंडिया कोडवर (कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर) यादी वर्णानुक्रमाने लावली की 'बॉम्बे'खाली शोधणाऱ्याला पोलीस कायदा सापडत नाही, कारण तो 'महाराष्ट्र'खाली गेलेला असतो.

क्रमांकातून वर्ष गाळण्याचा धोकाही लक्षात असू द्या. भारतीय दंड संहिता म्हणजे १८६० चा ४५. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता म्हणजे २०२३ चा ४५. योगायोग, पण नुसते 'अधिनियम क्र. ४५' लिहिणाऱ्याला तो महागात पडेल. घटनादुरुस्त्यांत तर विधेयकाचा क्रमांक वेगळा आणि अधिनियमाचा वेगळा. ग्रामपंचायतींची ७३वी घटनादुरुस्ती विधेयक म्हणून ७२वी होती आणि नगरपालिकांची ७४वी ही विधेयक म्हणून ७३वी होती. वस्तू व सेवा कराचे १२२वे विधेयक १०१वी दुरुस्ती झाले, महिला आरक्षणाचे १२८वे विधेयक १०६वी झाले. त्या वेळची वर्तमानपत्रे चाळून संदर्भ काढणाऱ्या विद्यार्थ्यांची यात हमखास फसगत होते.

आता लांबीबद्दल, आणि इथे आमचे मत थोडे तिखट आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे अधिकृत संक्षिप्त नाव असे : 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३'. वर्ष सोडून वीस शब्द. हे संक्षिप्त असेल तर विस्तृत नाव कशाला म्हणायचे? 'करण्याबाबत' दोनदा येते. 'समूळ उच्चाटन' हा हेतू आहे, ओळख नाही. तो विस्तृत नावात, उद्देशिकेत किंवा उद्देश व कारणे यांच्या निवेदनात शोभला असता. ठाणे अंमलदाराला प्रथम खबरीच्या दुसऱ्या रकान्यात 'अधिनियम' आणि 'कलम' असे दोन कप्पे भरायचे असतात. तिथे तो 'जादूटोणा कायदा कलम ३' लिहितो, दुसऱ्या ठाण्यात 'नरबळी कायदा' असे लिहितात, तिसऱ्या ठिकाणी 'अघोरी प्रथा अधिनियम'. तिघांचाही दोष नाही. 'महाराष्ट्र जादूटोणा व अघोरी प्रथा प्रतिबंध अधिनियम, २०१३' एवढ्याने काम झाले असते.

हा एकटा अपवाद नाही. बदल्यांचा २००५ चा कायदा एका दमात वाचून दाखवता येत नाही. लोक त्याला अर्ध्या कामासाठी 'बदल्यांचा कायदा' आणि अर्ध्या कामासाठी 'दप्तर दिरंगाईचा कायदा' म्हणतात आणि हे दोन कायदे आहेत असे मानणारे कर्मचारीही आहेत. १९४७ च्या जमिनीच्या तुकड्यांच्या कायद्याचे पूर्ण नाव शासन निर्णयांतही नेमके तसेच उतरेल याची खात्री नसते. महाराष्ट्र त्याला 'तुकडेबंदी' म्हणतो. संघटित गुन्हेगारीच्या १९९९ च्या कायद्याचे मराठी नाव चांगले आटोपशीर आहे, तरी तो मराठीत इंग्रजी आद्याक्षरांवरून आला, कुठे 'मोक्का' तर कुठे 'मकोका'. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाचे नाव मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांच्या तोंडी बसले, कारण ते लहान आहे आणि त्यातला कोणताही शब्द काढता येत नाही.

मसुदाकारांसाठी आमच्या सूचना थोड्या आहेत. राज्याचे नाव, विषय, अधिनियम, स्वल्पविराम, वर्ष, इतकेच नाव असावे. विषयाला पाच-सहा शब्दांहून जास्त लागू नयेत. 'करण्याबाबत', 'त्याच्याशी संबंधित', 'आणि इतर' हे शब्द नावातून हद्दपार करावेत. राज्याच्या नावानंतरचा पहिला शब्द असा असावा की यादीत तो पाहून कायदा ओळखता येईल. 'विशेष', 'सर्वसमावेशक' अशा शब्दांनी सुरुवात झाली की दहा कायदे शेजारी शेजारी येऊन बसतात. मराठी व इंग्रजी नावातले घटक त्याच क्रमाने असावेत, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद प्राधिकृत पाठ मानला जातो आणि लोक दोन्ही नावे एकमेकांवर ताडून पाहतात. लोक जे छोटे नाव वापरणारच आहेत, ते कलम १ मध्येच दुसरे नाव म्हणून द्यायला कायद्याची आडकाठी नाही. आणि प्रचाराचे शब्द नकोत. महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे 'शक्ती' विधेयक २०२१ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, नाव घरोघरी पोचले, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झालाच नाही. नाव मागे राहिले, कलम नाही.

कलमांच्या अक्षरांबद्दल एक जोड-तक्रार, इथे थोडी अवांतर असली तरी. जमीन महसूल संहितेत ४२-ब, ४२-क म्हणताना 'क' हा इंग्रजी 'सी'च्या जागी आहे. दंड संहितेच्या मराठी पाठात ४९८-क म्हणताना 'क' हा 'ए'च्या जागी होता, आणि बोलताना सगळे ४९८-अ म्हणत. दोन पद्धती एकाच राज्यात चालू आहेत. तक्त्याला एक टीप जोडून कोणत्या अधिनियमात कोणती अक्षरमाला धरली आहे ते सांगावे.

तक्ता कसा असावा? ओळीची सुरुवात क्रमांकाने करा, नावाने नको, कारण नाव बदलते. क्रमांकात वर्ष आणि कोणाचा क्रमांक तेही : मुंबई, महाराष्ट्र, मध्य प्रांत, हैदराबाद. त्यानंतर आजचे मराठी नाव, आजचे इंग्रजी नाव, मग पूर्वीची सर्व नावे आणि प्रत्येक नाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते ते, नाव बदलणारा अधिनियम, लागू असलेला प्रदेश, संमतीची आणि राजपत्राची तारीख, आणि निरसित असेल तर कोणत्या कायद्याने. मराठी अधिनियम राजपत्राच्या भाग चारमध्ये आणि इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये येतो, तर दोन्हींचे दुवे. हा तक्ता पीडीएफचे चित्र नको. शोधता येईल, उतरवून घेता येईल असा हवा. प्रत्येक अधिवेशनानंतर त्यात भर पडावी आणि कोणत्या तारखेपर्यंत तो अद्ययावत आहे हे वर छापावे. माहिती विभागाकडे आहेच. संहितीकृत प्रतींच्या तळटीपांत यातले बहुतेक विखुरलेले आहे. 'हे संक्षिप्त नाव २०१२ च्या महा. २४ अन्वये, १ मे १९६० पासून' अशी तळटीप वाचता येणारा वाचक किती, हाच प्रश्न आहे.

गोव्यालाही असा तक्ता लागेल. ३० मे १९८७ ला राज्य झाल्यावरही 'गोवा, दमण व दीव' हे शब्द तिथल्या राजभाषा अधिनियमाच्या नावात आजही आहेत. पण ते पणजीने पाहायचे.

काम कुठून सुरू करायचे असे विचाराल, तर कुळवहिवाटीच्या तीन ओळींपासून. पश्चिम महाराष्ट्र व कोकणासाठी १९४८ चा मुंबई ६७, विदर्भासाठी १९५८ चा मुंबई ९९, मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद २१. पहिल्या दोघांचे 'महाराष्ट्र' झाले. तिसरा अजून 'हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम' आहे, आणि तेलंगणात त्याच २१ क्रमांकाच्या कायद्याचे नाव आधी आंध्र प्रदेशाचे आणि आता तेलंगणाचे झाले. कुळाने घेतलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावरचे निर्बंध पहिल्यात कलम ४३, विदर्भाच्या कायद्यात कलम ५७ आणि मराठवाड्याच्या कायद्यात कलम ५०-ब मध्ये आहेत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत मात्र 'कुळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' हाच साचा सगळ्यांच्या हाताला बसलेला असतो. नांदेड किंवा अमरावतीच्या सातबाऱ्यावर तो शेरा आला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे खरेदीदाराच्या वकिलाला अंदाजाने ठरवावे लागते. शेऱ्यात 'कुळ कायदा' ऐवजी 'हैदराबाद २१/१९५०, कलम ५०-ब' एवढे आले तर अंदाज करावा लागणार नाही. रकान्यात तेवढी जागा आहे.

आपले,
राज्यातील काही वकील, दस्तलेखक आणि विधी ग्रंथपाल